पहिल्या साक्षीची जागा

मृत्युपत्र लिहून द्या म्हणून माझ्याकडे अजून माणसं येतात. मी नको म्हणतो. शाळेतून मोकळा होऊन मला बरीच वर्षं झाली, मोडीच्या ओळी आता दुहेरी दिसतात, हे कारण मी पुढे करतो. ते खोटं नाही, पण खरं कारण ते नव्हे. गेल्या आठवड्यात कशेळ्याकडचा एकजण चांगला चार कोस चालत आला. घरच्या घरी कुणाकडून तरी लिहून घेतलेला कागद त्यानं पंच्याच्या घडीतून काढला आणि माझ्यापुढे धरला. "मास्तर, येवढं बघा, बरोबर हाय का." मी कागदाला हातसुद्धा लावला नाही. म्हटलं, कर्जतला कचेरी आहे, तिथे जाऊन नोंदव, नाहीतर वकिलाला दाखव, माझ्याकडे येऊ नकोस. तो बिचारा वरमला. आमच्या मंडळींनी त्याला ताक दिलं, आणि तो गेल्यावर मला चार शब्द सुनावले.

"एवढं सलतंय तर त्या बाईला जाऊन सांगा ना एकदाचं," ती म्हणाली. "आल्यागेल्यावर कशाला चिडता?"

तिला सगळं ठाऊक आहे. ठाऊक असलेली एक तीच, असं मी समजून चाललो होतो.

मी या गावात शाळामास्तर म्हणून आलो तेव्हा पंचविशीचा होतो. डोंगराच्या पायथ्याचं भाताचं गाव. आगगाडी कर्जतला थांबायची, तिथून पुढे पायी. गावात लिहिता येणारी माणसं तीन: मी, पाटील आणि देवळातला गुरव. त्यातही पाटलांना आपलं नाव यायचं आणि गुरवाला नावासकट अडीच ओळी. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, तसा मी शहाणा ठरलो. खरेदीखत, कबुलायत, सरकारात अर्ज, सगळं माझ्याकडे. त्यात मी मुंबईहून कागदपत्रांच्या नमुन्यांचं एक छापील पुस्तक आणलं होतं. त्यात मृत्युपत्राचा नमुनाही होता आणि खाली बजावलेलं होतं की दोन साक्षीदारांची सही असल्याशिवाय असा कागद टिकत नाही. ते पुस्तक मी पोथीसारखं फडक्यात बांधून ठेवायचो.

शाळेमागच्या घरात एक म्हातारा राहायचा. तीस वर्षांमागे भावापासून वाटण्या करून वेगळा झालेला. भाऊ खालापूरकडे गेला, तिथेच वारला. त्याचा मुलगा, म्हणजे म्हाताऱ्याचा पुतण्या, तिकडे शेती करायचा. म्हाताऱ्याची बायको आधीच गेली होती. एकुलता मुलगा पटकीच्या साथीत गेला. मागे राहिली ती सून. मूलबाळ नाही, वय वीस-बावीस. तिच्या माहेरची माणसं दोनदा येऊन गेली. त्यांच्यात पाट लावायची, विधवेचं दुसरं लग्न करून द्यायची चाल होती आणि स्थळही चांगलं होतं. ती गेली नाही. म्हाताऱ्याचे गुडघे धरलेले, त्याला परसाकडेसुद्धा आधार लागायचा. नांगराला गडी लावून लावणी, कापणी, झोडणी सगळं ती करायची, आणि संध्याकाळी म्हाताऱ्याला ओट्यावर आणून बसवायची. गावातल्या बायका तिला वेडी म्हणत. मलाही तेव्हा ती थोडी हट्टीच वाटायची.

म्हाताऱ्याला कळत होतं. मार्गशीर्षात त्याला ताप भरला तेव्हा त्यानं मला बोलावून घेतलं.

"मास्तर, मी गेलो की पुतण्या येल आनि खाचरं घेल. कायदा त्याच्या बाजूला हाय ना?"

मी म्हटलं, बाबा, कागद केला नाही तर त्याच्याच बाजूला आहे. मुलगा नाही, तर पुतण्या आधी. सुनेला फार तर पोटाला मिळेल.

"मंग करा कागद. ती पाट लावून गेली असती, माझ्यापायी ऱ्हायली. घर तिचं, खाचरं तिची. माझ्या वाटणीचं हाय, मी कोनाला पन देईन."

यात त्याचं एकही अक्षर चुकीचं नव्हतं. वेगळा निघालेला माणूस, मुलगा नाही, वाटेकरी नाही. त्याला तसं देता येत होतं. मी त्याला म्हटलं, कर्जतला डोलीतून नेतो, कागद कचेरीत नोंदवून टाकू. तो नको म्हणाला. कचेरीत गेलं की आठ दिवसांत खालापूरपर्यंत बातमी जाईल, पुतण्या येऊन दारात बसेल, मरताना मला भांडण नको. मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. पुस्तक होतं, कलम होतं, कचेरीवाचून कागद करून दाखवायची हौस होती. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बसलो. म्हातारा घोंगडीवर पडला होता, सुनेनं पाठीशी भाताचं पोतं लावून त्याला थोडं उठतं केलं. मी नमुन्याप्रमाणे लिहिलं. खाचरांच्या चतुःसीमा म्हाताऱ्यानं डोळे मिटून सांगितल्या: पूर्वेला नदी, पश्चिमेला गाडीवाट, उत्तरेला पाटलांचं शेत, दक्षिणेला करंजाचं झाड असलेला बांध. एकेक सीमा सांगताना तो थांबायचा, मनानं तिथे जाऊन यायचा. मी सगळं वाचून दाखवलं. "बरोबर," तो म्हणाला. मग मी खाली नांगर काढला. कुणबी माणसाची सही म्हणजे नांगराची निशाणी. काढतो लिहिणारा, आणि तो कलमाला हात लावतो. म्हाताऱ्यानं हात लावला. हात तापानं भाजत होता.

आता साक्षी. गुरव हजर होता. पण आमच्याकडे कुठल्याही कागदावर पहिली साक्ष पाटलांची. तो मान. लग्नातला पहिला नारळ, शिमग्यातली पहिली गोवरी आणि कागदावरची पहिली ओळ, यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि पाटील त्या दिवशी गावात नव्हते. कलेक्टरसाहेबाचा मुक्काम खालापूरला पडला होता आणि जमाबंदीसाठी सगळ्या गावांचे पाटील तिकडे हजेरीला गेले होते.

"मी दुसऱ्या ओळीवर घालतो," गुरव म्हणाला. "पहिली ऱ्हाऊ दे. पाटील आलं की घालतील."

मी म्हटलं, ठीक. पहिली ओळ कोरी ठेवली आणि तिच्या खाली गुरवानं साक्ष घातली. आम्हा कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. मानाच्या पाटावर मानकरी येईपर्यंत दुसरा कुणी बसतो का?

पाटील पाचव्या दिवशी आले. म्हातारा तिसऱ्या दिवशी गेला होता.

दहावं झाल्यावर मी कागद घेऊन पाटलांकडे निघालो. कागद सुनेच्या पेटीत होता. मागितला, तिनं दिला, पण हातातून सोडेना.

"कशाला न्हेताय?"

म्हटलं, पाटलांची साक्ष राहिलीय.

ती दारात उभी राहिली. रडून रडून तिचा आवाज बसला होता, पण बोलली ते अगदी नीट बोलली. "मास्तर, ती ओळ रिकामीच ऱ्हाऊ द्या. पाटील तवा व्हते कुठं? जे झालं नाय ते कागदावर कशाला? मामंजींनी हात लावला तो तुमी पाह्यला, गुरवांनी पाह्यला. हाय तेवढं बस हाय."

मी तिच्यावर खेकसलो. "तुला कायद्यातलं काय कळतंय गं? दोन साक्षी नसल्या तर हा कागद चुलीत घालायच्या लायकीचा. छापलंय तसं."

छापलंय म्हटल्यावर कागद तिनं सोडला.

पाटलांना काही सांगायची गरजच पडली नाही. त्यांनी कोरी ओळ बघितली आणि म्हणाले, "माझी जागा ठेवलीत, बरं केलंत." म्हातारा त्यांच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा. त्याची इच्छा काय होती हे साऱ्या गावाला माहीत होतं. यात कुणाला फसवायचं आहे असं त्यांच्या मनातही नव्हतं, माझ्याही नव्हतं. त्यांनी सही केली आणि वर दोनदा फुंकर मारली. कागदावरची तारीख मात्र होती तीच, म्हातारा जिवंत असतानाची.

पुतण्यानं दावा लावला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याला वाटलं, परक्या घरची पोर आणि मास्तर मिळून चुलत्याच्या जमिनीचा कागद बनवतात. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. सुनेनं दंडातली वाकी मोडली आणि एक वकील केला. कोर्ट लांब होतं. आम्ही चौघं बैलगाडीनं जायचो, ती गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसायची.

पहिली जबानी माझी झाली. शपथ घेतली आणि विचारलं तेव्हा सांगितलं, दोन्ही साक्षीदारांनी म्हाताऱ्यासमोर सह्या केल्या. जीभ अडखळली नाही. मनात म्हटलं, कागद खरा, इच्छा खरी, नांगर खरा. एका ओळीपुरतं काय ते. गुरवाला विचारलं तेव्हा तो पाटलांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आता मला काय आठवत नाय." मग पाटील उभे राहिले. पुतण्याच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, म्हातारा बसला होता की निजला होता? पाटील म्हणाले, बसला होता, मेढीला टेकून. डोक्याला काय होतं? पाटील म्हणाले, पागोटं. तापानं फणफणलेल्या माणसाच्या डोक्याला पागोटं! मी तिथेच समजलो. पण वकिलाचं अजून संपलं नव्हतं. त्यानं खालापूरच्या मुक्कामाच्या हजेरीची नक्कल काढून आणली होती. त्या तारखेला आमचे पाटील साहेबाच्या तंबूसमोर हजर होते, आणि दुसऱ्या दिवशीही, आणि तिसऱ्याही.

मला पुन्हा बोलावलं. मग मी सगळं खरं सांगितलं. निशाणी त्या दिवशीची, गुरवाची साक्ष त्या दिवशीची, पाटलांची नंतरची. जज्जसाहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. ते रागावले नव्हते, नुसते कंटाळलेले दिसत होते.

"मास्तर, मागच्या खेपेलाही तुम्ही शपथ घेऊनच बोलला होता ना? मग आजचं कुठलं खरं धरू?"

मी साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरलो.

निकाल लागला. लिहिणारा खोटं बोलला, एक साक्षीदार नसताना सही करून गेला, दुसऱ्याला आठवत नाही. तेव्हा निशाणी म्हाताऱ्याची आहे हे कुणाच्या भरवशावर मानायचं? घर आणि खाचरं पुतण्याला. सुनेला मागची पडवी राहायला आणि वर्षाला पोटापुरतं भात. आमच्यावर खोट्या शपथेचा खटला भरायचा की नाही यावर थोडा खल झाला, शेवटी समज देऊन सोडून दिलं. पाटील त्यानंतर कुणाच्याही कागदावर साक्ष घालायला बसले नाहीत.

कोर्टाच्या ओसरीवर मी आमच्या वकिलाला थांबवलं. स्वतःची समजूत घालायला म्हटलं, काय करणार साहेब, साक्ष एकच होती, पाटलांची घेतली नसती तरी कागद पडलाच असता.

तो कागद आवरत होता. "कोण म्हणतो?" तो म्हणाला. "दोन साक्षींचा कायदा मुंबई शहरातला, आणि तिथल्या घराजागेचा. आपल्याकडे हिंदूच्या मृत्युपत्राला साक्ष असलीच पाहिजे असं मुळीच नाही. निशाणी त्याची आणि इच्छा त्याची एवढं पटलं की झालं. तुम्ही आणि गुरव सरळ उभे राहून झालं ते सांगता, तर मी हा कागद टिकवला असता. ती ओळ कोरी होती तोवर तुमची बाजू भक्कम होती. अहो, मला आधी तरी सांगायचंत!"

मी आजूबाजूला बघितलं. सून गाडीपाशी गेली असेल असं मला वाटलं. परतीच्या वाटेवर ती नेहमीसारखी मागे पाय सोडून बसली, मी पुढे तोंड करून.

पुढची वर्षं कशी गेली ते काय सांगू. एकाच गावात राहायचं आणि एका माणसाची नजर चुकवायची, यानं माणूस जेवढा थकतो तेवढा कामानं थकत नाही. ती विहिरीवर दिसली की मी देवळाकडून जायचो. ती देवळात असली की मला शाळेत काम निघायचं. नमुन्यांचं पुस्तक मी एका पावसाळ्यात वाळवीला देऊन टाकलं, म्हणजे मुद्दाम वर उचलून ठेवलं नाही. ती पुतण्याच्या पडवीत राहिली, मजुरीनं त्याच खाचरांत राबली. पाटाचं वय निघून गेलं. पाटील गेले, गुरव गेला, पुतण्याही गेला. आता त्याचा मुलगा शेती बघतो. मी स्वतःला सांगत आलो की तिला कारण ठाऊक नाही, जमीन कोर्टानं नेली एवढंच तिला ठाऊक आहे, आणि ते तसंच राहिलं तर तिलाही बरं. तिला बरं म्हणजे मला बरं, हे उघड आहे.

कशेळ्याचा माणूस येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काठी घेतली आणि निघालो. सकाळचं ऊन होतं, भात पिवळं होऊन आडवं पडलं होतं. ती नदीकडच्या खाचरात एकटी कापत होती. केस पांढरे झालेले, पण हात तसाच भराभर चालत होता. मी बांधावर उभा राहिलो आणि जे पाठ करून आलो होतो ते एका दमात सांगून टाकलं. साक्षीची गरज नव्हती. ओळ कोरी राहिली असती तर जमीन तुझी होती. मला हे निकालाच्या दिवशीच वकिलानं सांगितलं, मी तुझ्यापासून लपवलं.

तिनं हातातली पेंढी खाली ठेवली.

"म्हायत हाय," ती म्हणाली.

मला कळेना. तिनं कपाळावरचा घाम पुसला. "मी तवा ओसरीच्या खालीच बसले व्हते, जोत्याला टेकून. वकील बोलला ते सगळं ऐकलं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुमी माझ्यासाठीच केलं व्हतं, ते पन म्हायत हाय. आनि तुमी मला बघून वाट बदलायचात, मंग कोनाशी बोलू?" तिनं विळा बांधावर टेकवला. "जमीन गेली ती गेली, मास्तर. पन मी तवा दारात उभी राहून सांगितलं व्हतं. कोनीतरी येऊन एकदा म्हनायचं व्हतं, का बाई, तू सांगितलं व्हतंस. मामंजी असते तर म्हनाले असते."

माझ्या चाळीस वर्षांच्या लपवाछपवीत ही एक गोष्ट मला कधी सुचलीच नव्हती. मी तिची जमीन मोजत बसलो होतो आणि तिचा शब्द साफ विसरलो होतो.

"तू सांगितलं होतंस," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही."

तिनं मान हलवली. मग तोंडाला पदर लावून हसली. "म्हनलात बाई एकदाचं. आनि बघा, ऐकाया साक्षीला कोनी नाय."

तिनं विळा उचलला, खाली वाकली आणि पुढची मूठ धरली. मी काठीवर भार देऊन तिथेच उभा राहिलो. पूर्वेला नदी होती, पश्चिमेला गाडीवाट, उत्तरेला पाटलांचं शेत, दक्षिणेच्या बांधावर करंज. म्हाताऱ्यानं डोळे मिटून सांगितलेलं सगळं जागच्या जागी होतं, आणि ती मजुरीनं कापत होती.